हात मांडीवर

माझी डावी भुवई मधोमध तुटलेली आहे. मुलुंडच्या आमच्या घरामागे पेरूचं झाड होतं, त्यावरून मी लहानपणी पडलो आणि त्या जागी केस पुन्हा म्हणून उगवले नाहीत. शाळेच्या दाखल्यावर ओळखीची खूण म्हणून तिची नोंद झाली, तेवढाच तिचा जगाला उपयोग. घरात मात्र ती भुवई म्हणजे माझं नाव होतं. माझी धाकटी बहीण सुमन जन्मापासून ठार बहिरी. विनायक हे नाव तिने ना कधी ऐकलं, ना उच्चारलं. ती आपल्या डाव्या भुवईवर बोटाने एक बारीक रेघ ओढायची, की ते माझं नाव. आई म्हणजे नाकपुडीला चिमूट, कारण आईची चमकी. बाबा म्हणजे कानांमागे हात नेऊन चष्म्याच्या काड्या अडकवणं. ती स्वतः म्हणजे वेणीचं टोक. शेजारच्या काकूंसाठी गाल फुगवून पोटासमोर धरलेले दोन्ही हात होते. ही खूण माझी, आणि तिच्याबद्दल मी आईचा मारही खाल्ला होता. सुमन झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पुढच्या नऊ वर्षांत आम्ही दोघांनी मिळून अशा किती खुणा केल्या असतील, त्याचा हिशेब नाही. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. ती काहीतरी सांगू बघायची, मी चुकीचं समजायचो, ती कपाळावर हात मारून घ्यायची आणि दुसऱ्या तऱ्हेने सांगायची. त्या झटापटीतून भाषा झाली.

लोकांना वाटायचं, मुकं पोर असलेलं घर शांत असेल. आमच्याइतकं गोंगाटाचं घर त्या गल्लीत दुसरं नव्हतं. सुमनला आवाजाची कल्पनाच नसल्यामुळे ती भांडी आपटायची, दारं धाडकन लावायची, हसायची ती चार घरांपलीकडे ऐकू जायची. आईने जातं मांडलं की ती धावत येऊन जात्याच्या खालच्या तळीला गाल लावून आडवी पडायची. जात्याची घरघर तिला गालातून पोचत असावी. आई एका हाताने दळायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या केसांवर पडलेलं पीठ झटकायची. संध्याकाळी बाबा यायच्या वेळी ती फाटकाला पाठ टेकून बसे, कारण कडी उघडली की तिच्या पाठीला कळायचं. आणि मग जेवायला बसलं की दिवसभराचं पुराण. कावळ्याने भाकरीचा तुकडा कसा पळवला, काकूंचं आणि दूधवाल्याचं कसं वाजलं, सगळं हातांनी, तोंडाने, खांद्यांनी, उभी राहून. आमटीत शेवग्याच्या शेंगा असल्या तर दातांतून बोट ओढून ती आणखी मागायची. आई म्हणायची, पोरगी बोलत नाही ते बरंच आहे, बोलती असती तर आपल्याला घास गिळता आला नसता.

तरी आईने उपाय काय थोडे केले होते? वेखंड मधात उगाळून जिभेला लावून झालं. शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी वर्षभर पाजून झालं. कोकणातल्या आमच्या देवीला नवस बोलून झाला. बाबांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मान हलवली, तेव्हापासून बाबा त्या विषयावर बोलत नसत. पण मला माहीत होतं, त्यांच्या मनात एक काटा होता. गल्लीतली शेंबडी पोरं आपापल्या बापांना हाका मारत धावायची, तेव्हा बाबा फाटकाशी उगाचच थोडे थांबायचे.

मी बी.एस्सी. झालो. दुसरा वर्ग मिळाला. स्टुडिओत जाऊन, तिथलाच झगा आणि चौकोनी टोपी घालून फोटो काढला. सुमनला त्या फोटोतली टोपी फार आवडली. मला त्यासाठीच चार वर्षं कॉलेजात पाठवलं होतं अशी तिची समजूत झाली, आणि पुढे बरेच दिवस ती माझं नाव घेताना भुवईवर रेघ ओढून झाली की डोक्यावर बोटाने एक चौकोन काढायची. पदवीचा एवढा मान मला नंतर कुणी दिला नाही. बाबा एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. त्यांनी साहेबांशी बोलून माझी जागा पक्की करून ठेवली होती. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. तोपर्यंत मी घरात रिकामटेकडा. त्यामुळे घाटकोपरला मुक्या मुलांना बोलायला शिकवणारी शाळा निघाली आहे असं बाबांनी पेपरात वाचलं, तेव्हा सुमनला तिथे घेऊन जायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

शाळा म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. सतरा-अठरा मुलं. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, खादीचं पातळ, केस घट्ट मागे ओढलेले. त्यांचा एक नियम होता, घरातल्या एका माणसाने मागच्या बाकावर बसून सगळं शिकून घ्यायचं. म्हणून मी बसलो. भिंतीला मोठा आरसा होता. बाई मुलाच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायच्या. ‘प’ बरोबर आला तर पट्टी फडफडायची. ‘म’साठी मुलाचं बोट आपल्या नाकावर ठेवायच्या, ‘ब’साठी गळ्यावर. एकेका अक्षरासाठी आठ-आठ दिवस. मला विज्ञानाच्या कुठल्याही प्रयोगापेक्षा हे थोर वाटलं. आणि वर्ग सुरू होताना बाई पहिली आज्ञा करायच्या, ती मुलांना तोंडाच्या हालचालीवरून कळायची: हात मांडीवर. सगळी मुलं हात मांडीवर ठेवून बसायची. हातवारे करायला बंदी. ‘हात मोकळे असले की मूल कशाला तोंड उघडेल?’ असं बाई म्हणायच्या. त्या काळी जाणती माणसं असंच मानत. पुस्तकांत तसंच लिहिलेलं होतं, आणि मी पुस्तकांवर विश्वास ठेवणारा होतो.

मधल्या सुट्टीत मात्र मुलं बंगल्यामागच्या नळाशी जायची आणि तिथे हातांचा नुसता पूर यायचा. तिथल्या खुणा वेगळ्या होत्या, पण आठ-दहा दिवसांत मला त्या कळू लागल्या. सुमनला तर दोन दिवसांत. एकदा एक मुलगी वर्गात रडायला लागली, बाईंना काही केल्या कारण कळेना. ती मांडीवरच्या मांडीवर बोटं हलवत होती. मी मागून म्हणालो, तिच्या कानात चिंचोका गेलाय, तिच्या भावाने घातलाय, आणि घरी सांगू नकोस म्हणून दम दिलाय. डॉक्टरकडे नेलं तर खरंच चिंचोका निघाला. बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांची एक शिक्षिका लग्न होऊन चालली होती. त्या म्हणाल्या, तुम्हाला ही मुलं कळतात, तुम्ही इथे या. फक्त तुमचे हात बंद ठेवावे लागतील. इथे, आणि घरीसुद्धा. शिक्षकाच्याच घरात हातवारे चालले तर बाकीच्या पालकांना मी कुठल्या तोंडाने सांगू?

मला त्या हातांमुळे नोकरी मिळत होती आणि ते हात बंद करणं ही नोकरीची अट होती. आज हे लिहिताना मला ते लख्ख दिसतं. तेव्हा दिसलं नाही. मी एकवीस वर्षांचा होतो आणि कुणीतरी पहिल्यांदाच मला म्हणालं होतं, तुम्हाला हे येतं.

बाबांनी घर डोक्यावर घेतलं. बी.एस्सी. झालेला मुलगा मुक्यांचा मास्तर होणार, साहेबांना मी काय तोंड दाखवू, वगैरे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते स्वतः घाटकोपरला आले, नाही म्हणून सांगायला. बाईंचा मुलगा तेव्हा तिथे होता. तो त्यांचा एकुलता एक, जन्मतः बहिरा, तीस वर्षांचा, नकाशे काढण्याचं काम करायचा. तो उठून उभा राहिला आणि सपाट, घोगऱ्या आवाजात एकेक अक्षर सोडवत म्हणाला, ‘नमस्कार. बसा. चहा घेणार?’ बाबा बसले. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. परत येताना ते मला एवढंच म्हणाले, ‘विनू, कर तू ही नोकरी. तिच्या तोंडून एकदा बाबा ऐकू दे मला.’

आता माझी पाळी आली. बाईंची पद्धत मी घरी जशीच्या तशी सुरू केली. खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायच्या. सुमनने हात वर केले की तिचे दोन्ही हात धरून मांडीवर ठेवायचे आणि थोडे दाबायचे. मग आपल्या ओठांवर बोट ठेवून म्हणायचं, ‘बोल.’ तिने हात न हलवता ओठांनी प्रयत्न केला की तळहातावर एक गोळी. पहिले दोन दिवस तिला हा खेळ वाटला. तिसऱ्या दिवशी जेवताना ती उभी राहून काहीतरी सांगायला लागली, मांजर, छप्पर, काकू, आणि मी ताटात बघत राहिलो. तिने पाट वाजवला. मी मान वर केली नाही. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, तर मी तिचे हात खाली ठेवले आणि ओठ दाखवले. मांजराचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी तिच्यावर रागावलो आहे असंच तिला वाटलं. दुसरं काय वाटणार? नऊ वर्षं ज्याने तिचा एकेक शब्द झेलला, तो एकाएकी तिच्याकडे बघेनासा झाला होता. तिने करंगळी वर करून भुवया उंचावल्या: कट्टी? मुलांची कट्टी-बट्टी मीच तिला शिकवली होती. करंगळी म्हणजे कट्टी आणि पहिली दोन बोटं जुळवून पुढे केली की बट्टी. मी करंगळी मिटवून तिचा हात मांडीवर ठेवला. मग तिने समजूत काढायला सुरुवात केली. सकाळी माझ्या चपला पुसून ठेवलेल्या असायच्या. झाडावरचा पहिला पिकलेला पेरू माझ्या उशीशी ठेवलेला सापडला. शाळेत जाताना गाडीत समोरच्या बाकावर बसून ती दोन बोटं जुळवून माझ्यापुढे धरायची, आणि मी खिडकीबाहेर बघायचो. भांडुप गेलं, विक्रोळी गेली, तरी ती बोटं तशीच धरलेली. हात दुखला की दुसऱ्या हाताने मनगटाला आधार द्यायची.

आई हे सगळं बघत होती. तिला पुस्तकातलं काही कळत नव्हतं. एका संध्याकाळी ती कुळीथ पाखडत होती, सुमन माझ्यासमोर बोटं धरून बसली होती, आणि मी तिला ‘प’ शिकवत होतो. आई सूप खाली ठेवून म्हणाली, ‘अरे, दोन बोटं दाखव की तिला एकदा. त्याने काय तुझी नोकरी जाणारे?’

मी म्हणालो, ‘आई, तुला नाही कळायचं.’

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला, पण या वाक्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही. आईने सूप उचललं.

पंधरा-वीस दिवसांनी सुमनने बोटं पुढे करणं बंद केलं. मी वहीत लिहिलं, प्रगती चांगली. बाईंनी पाठ थोपटली.

पुढच्या गणपतीत ती बोलली. आरती झाली होती, आईने मोदकांची चाळण आणून ठेवली होती, बाबा सोवळं नेसून पाटावर बसले होते. मी सुमनला त्यांच्यासमोर उभं केलं, तिचा हात त्यांच्या गळ्यावर ठेवला आणि मानेने खूण केली. ती म्हणाली, ‘बा. बा.’ आवाज विहिरीतून आल्यासारखा, पण अक्षरं सुटी आणि स्वच्छ. बाबा म्हणाले, परत म्हण. तिने परत म्हटलं. बाबांनी तिला मांडीवर ओढलं आणि एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. आई रडली. काकू बघायला आल्या, त्याही रडल्या. मी खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला होता, आणि तो आनंद खोटा नव्हता. पुढे बाबा गेले ते हा शब्द ऐकूनच गेले, आणि तो मी त्यांना मिळवून दिला होता. मला त्यातलं काहीच पुसून टाकता येत नाही, चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही. सुमन मात्र सगळ्यांच्या रडक्या तोंडांकडे घाबरून बघत होती. मग ती बाबांच्या मांडीवरून उतरली, माझ्यासमोर येऊन बसली, आपले हात आपणच मांडीवर ठेवले आणि गोळीची वाट बघू लागली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत तिला पस्तीस-चाळीस शब्द आले. पाणी, पोळी, पुरे, आई, बाबा, बस. मला ती ‘दादा’ म्हणायची. भुवईवरची रेघ गेली. चष्म्याच्या काड्या गेल्या, काकूंचं पोट गेलं. जेवताना ती खाली मान घालून जेवायची आणि ‘आमटी’ म्हणायची, म्हटलं की आई वाढायची. कावळ्याचं, दूधवाल्याचं पुराण सांगायला लागणारे शब्द त्या चाळिसांत नव्हते. गल्लीतली पोरं तिच्या आवाजाची नक्कल करायची, ती तिला ऐकू येत नव्हती पण दिसायची, त्यामुळे बाहेर ती तेवढंही बोलेनाशी झाली. घरातला गोंगाट कमी झाला. दारं हळू लागायला लागली. शेजारी म्हणायचे, शाळेने मुलीला किती वळण लावलं. शाळेत माझं नाव झालं होतं. लांबलांबहून, अगदी दहिसरहूनही पालक मुलांना घेऊन यायचे, आणि मी त्यांना सांगायचो, घरी हात बंद ठेवा.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत मी नळाशी पाणी प्यायला गेलो. दोन मुली तिथे बोलत होत्या, अर्थात हातांनी. मला बघून त्यांनी हात मागे घेतले नाहीत, त्या इतक्या गुंतल्या होत्या. एकीची आजी वारली होती. आजीला कसं अंगणात ठेवलं, आजोबा कसे कोपऱ्यात जाऊन सुपारी कातरत बसले, कातरलेली सुपारी त्यांनी नेहमीसारखी आजीच्या डबीत कशी भरून ठेवली, हे सगळं ती मुलगी सांगत होती आणि दुसरीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांना बोलू नका म्हणण्यासाठी मला पगार मिळत होता. मी पेला हातात धरून उभा राहिलो. जवळजवळ तीन वर्षांत सुमनने मला एकही गोष्ट सांगितली नव्हती. तिला कशाचं वाईट वाटतं, कशाची भीती वाटते, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी ती नोकरी सोडली नाही. बाईंशी भांडलो, त्यांच्यानंतर शाळा माझ्याकडे आली, आणि माझ्या वर्गात हात कधीही मांडीवर ठेवायला लागले नाहीत. माझ्या शाळेतली मुलं आज टीव्हीवरच्या बहिऱ्यांसाठीच्या बातम्या बघतात, त्यातल्या निवेदिकेच्या हातांच्या चुका काढतात आणि खिदळतात. लोक माझा सत्कार करतात आणि विचारतात, विज्ञानाचे पदवीधर तुम्ही, या वाटेला कसे आलात? मी सांगतो, बहिणीमुळे. ते खरंच आहे. सुमन आमच्याकडेच राहिली, माझ्या मुलांना तिने खेळवलं, आणि त्या चाळीस शब्दांतच तिचं आयुष्य गेलं. माझी मुलं तिच्याशी हातांनी बोलू बघत, ती हसून मान हलवी आणि त्यांचे हात खाली करी. ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. तिने ‘दादा, पाणी’ म्हटलं, मी पाणी दिलं.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची गोष्ट, नळावरून परत आलो त्या. मी संध्याकाळी घरी आलो. आई देवळात गेली होती. सुमन मागच्या पायरीवर ताटात तांदूळ निवडत बसली होती, अकरा-बारा वर्षांची झाली होती, वेणी पुढे घेतलेली. मी तिच्यासमोर खाली बसलो. तिने वर बघितलं. मी माझ्या तुटक्या भुवईवरून बोट ओढलं. तिची वेणी दाखवली. मग दोन बोटं जुळवली आणि तिच्यापुढे धरली. मी हात तसाच धरून ठेवला.

तिने माझ्या बोटांकडे बराच वेळ बघितलं. मग तिने मागे वळून दाराकडे बघितलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. माझ्यासाठी घाबरली होती ती. तिने तांदळाचं ताट बाजूला सरकवलं, माझे दोन्ही हात धरले, ते माझ्या मांडीवर ठेवले आणि थोडे दाबले. अगदी मी ठेवायचो तसे. मग आपल्या ओठांवर बोट ठेवून म्हणाली, ‘बोल.’

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी तिचे पाय धरले असते. ती मला मदत करत होती. मी म्हणालो, ‘सुमन.’ माझ्या ओठांकडे ती नीट लक्ष देऊन बघत होती. तिने मान हलवली, बरोबर आलं म्हणून. मग परकराच्या खिशात हात घालून तिने एक लिमलेटची गोळी काढली, माझी मूठ उघडली, तळहातावर ती गोळी ठेवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.